विश्लेषण : यंत्रातली सोबतीण नेहमी 'ती'च का?

फोनमधील सहायकाला कामे सांगण्यापासून त्यालाच मैत्रीण मानण्यापर्यंतचा प्रवास झपाट्याने झाला. ही कृत्रिम 'ती' कोण घडवते, हे प्रेक्षकांनाच खेळात उतरवून तपासणारे कलाप्रयोग जगात होत आहेत. त्यांनी मांडलेला प्रश्न बीड जिल्ह्यातील धर्मापुरीपासूनही दूर नाही.

'लॉरेन' हा प्रयोग काय होता?

अमेरिकी कलाकार लॉरेन ली मॅकार्थी यांनी २०१७ मध्ये इच्छुकांच्या घरांत कॅमेरे, माइक, दिवे आणि कुलुपे इंटरनेटने जोडली आणि 'अलेक्सा'ची जागा स्वत: घेतली. दूर बसून त्या अहोरात्र पाहत, ऐकत, सांगितलेले काम करत. २०१९ च्या 'समवन'मध्ये हा खेळ त्यांनी प्रेक्षकांच्या हाती दिला. न्यूयॉर्कच्या कलादालनात लॅपटॉपसमोर बसायचे आणि अमेरिकेतील चार घरांपैकी एखाद्या घरातून हाक आली की तिथला दिवा लावायचा, गाणे वाजवायचे. न दिसता राबणे आणि हाकेसरशी ओ देणे म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला तिथे कळे. घरोघरी हे काम आजवर कोणी केले, ते वेगळे सांगायला नको. २०२० मध्ये या कलाकृतीला 'प्री आर्स इलेक्ट्रॉनिका'चा 'गोल्डन निका' पुरस्कार मिळाला.

यंत्र आणि लिंगभाव यांचा संबंध कधीपासून?

अगदी सुरुवातीपासून. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडलेला 'नकलेचा खेळ' मुळात स्त्री-पुरुषांचा होता. पडद्याआड एक पुरुष व एक स्त्री. टंकलिखित उत्तरांवरून स्त्री कोण ते तिसऱ्याने ओळखायचे. पुरुषाने त्याला चकवायचे. या पुरुषाच्या जागी यंत्र बसवले तर, हा ट्युरिंग यांचा पुढचा प्रश्न. १९६६ मधील संवादी प्रणाली 'एलिझा' हिचे नाव शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'च्या नायिकेवरून ठेवले गेले. तीच नायिका पु. लं.च्या 'ती फुलराणी'त मंजुळा झाली. कसे बोलायचे ते पुरुषाने शिकवलेली स्त्री, ही कल्पना त्या नावातच आहे.

मराठी रंगभूमीचा अनुभव काय?

बालगंधर्वांनी (१८८८-१९६७) रंगवलेल्या नायिकांचे नेसणे आणि दागिने खऱ्या स्त्रिया अनुकरणासाठी पाहत. म्हणजे पुरुषाने साकारलेली 'आदर्श स्त्री' खऱ्या स्त्रीसाठी मापदंड बनली. मात्र तिकीट काढणाऱ्याला समोर नाटक आहे हे माहीत असे. अ‍ॅपवरील संवादात तो पडदा दिसत नाही.

धर्मापुरीचा संबंध कसा?

येथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराच्या भिंतींवर देखण्या सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. दगडातली स्त्री जपणाऱ्या याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. ती मुले आता तरुण होत आहेत. मुली मिळत नाहीत म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावरून मोर्चा काढला होता. अशा एकटेपणाला कृत्रिम मैत्रीण हा सोपा उतारा वाटू शकतो.

मग धोका कशात?

एकट्या माणसाला रात्री बोलायला कोणी मिळणे, ही लहान गोष्ट नाही. पण ही सोबतीण सहसा नकार देत नाही, तिला माहेर नाही, मत नाही. सहायकांच्या स्त्री आवाजामुळे 'बाई म्हणजे आज्ञाधारक' हा समज पक्का होतो, असा इशारा युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालाने दिला होता. शिवाय दोरी कंपनीच्या हाती असते. 'रेप्लिका'ने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रणयी संवादांवर बंधने आणली, तेव्हा अनेक वापरकर्त्यांना जवळचे माणूस गमावल्यासारखे दु:ख झाले.

जन्मालाच न आलेल्या मुलींची उणीव अ‍ॅप भरून काढू शकत नाही. ज्याला अशी सोबत हवीशी वाटते, त्याने मॅकार्थी यांच्या खेळातली दुसरी खुर्ची घ्यावी आणि एक दिवस घरातल्या प्रत्येक हाकेला स्वत: ओ देऊन पाहावे.