वय ऐंशी, म्हणून ऑपरेशन नाहीच?

सोनोग्राफी काढलेली असते मुतखड्यासाठी. रिपोर्टच्या तळाशी भलतंच निघतं: पोटातली महाधमनी 6 सेंटिमीटर फुगलेली. रुग्ण ऐंशीच्या पुढचा. मग दवाखान्याच्या बाकावरच निकाल लागतो, "आता या वयात कायले चिरफाड? टेबलावरच जाईन बुढा." गडचांदूर-कोरपना भागात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता चीड येते. ज्याच्या पोटात तो फुगा आहे तो शेजारीच बसलेला असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

ही धमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. 3 च्या वर गेली की डॉक्टर तिला ॲन्युरिझम म्हणतात. पुरुषांत 5.5 आणि बायकांत 5 सेंटिमीटरपर्यंत सहसा थांबून नियमित सोनोग्राफी करतात. लहान फुग्यावर घाईनं शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटनच्या 1998 च्या आणि अमेरिकेच्या 2002 च्या चाचण्यांनी दाखवलं आहे. त्यापुढे मात्र फुटण्याचा धोका वाढतो, आणि फुटली तर बहुतेक माणसं वाचत नाहीत.

टेबलावर जाण्याची भीती आली जुन्या शस्त्रक्रियेतून. तिच्यात पोट उघडून धमनी चिमट्यानं बंद करावी लागते, त्याचा ताण हृदयावर आणि मूत्रपिंडांवर पडतो. 1990 मध्ये ब्युनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून कापडी नळी आत सरकवून फुगा आतून झाकला. 2004 मध्ये ब्रिटनच्या ईव्हार-1 चाचणीचे आकडे आले: महिनाभरातले मृत्यू पोट उघडून शंभरात 4.7, जांघेतून 1.7. हे रुग्ण साठीपुढचे, पण शस्त्रक्रिया झेपेल असे होते. पुढच्या वर्षांत हा फायदा ओसरतो, नळीच्या कडेनं रक्त झिरपू शकतं, म्हणून तपासण्या जन्मभर कराव्या लागतात. पण पंच्याऐंशीच्या माणसासाठी पहिला महिना सुखरूप जाणंच मोठं असतं.

अमेरिकन सर्जन मायकल डबेकी यांनी महाधमनीच्या शस्त्रक्रिया घडवल्या. 2006 मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांच्याच छातीतल्या महाधमनीवर ह्यूस्टनमध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. ते कित्येक महिने रुग्णालयात होते, पण पुन्हा कामाला लागले आणि 2008 मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी गेले. ते महिने किती कठीण होते, हेही लपवू नये.

म्हणून उलटा गैरसमजही तेवढाच घातक: "जांघेतूनच तर करायचं, कुणालाही चालते." ईव्हार-2 चाचणीत मोठी शस्त्रक्रिया न झेपणारे रुग्ण होते. नळी बसवल्यावर फुगा फुटून होणारे मृत्यू कमी झाले, पण एकूण आयुष्य वाढलं नाही. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांनी आधीच हार खाल्ली होती. तेव्हा जन्मतारखेआधी विचारा: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती? दम लागतो का? आधाराशिवाय अंगणात जाऊन येतो का? फुग्याच्या वर नळी धरायला धड जागा आहे का, हे सीटी अँजिओग्राफीत दिसतं. आणि त्याला स्वतःला काय हवं? 1955 मध्ये आइन्स्टाइन यांनी फुटलेल्या धमनीवर शस्त्रक्रिया नाकारली, ते शहात्तर वर्षांचे होते. समजून दिलेला नकार मान्य करावा. परस्पर दिलेला नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दुखत नाही म्हणजे धोका नाही? फुटेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गोळ्यांनी फुगा जिरतो? नाही. बेंबीजवळ धडधडतंय म्हणून "बेंबी सरकली" समजून पोट चोळू नका, सोनोग्राफी करा. आमच्या भागातल्या सिमेंटच्या धुळीला दोष देण्याआधी बिडीकडे पाहा: तिचा संबंध पक्का आहे, आणि या वयातही सोडलेली चांगली. सत्तरीपुढच्या सगळ्यांना 2024 पासून आयुष्मान कार्डावर 5 लाखांचं संरक्षण आहे, ही नळी त्यात बसते का ते नागपूरला जाण्याआधी आरोग्यमित्राला विचारा.

आणि फुगा माहीत असलेल्या माणसाच्या पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, भोवळ आली, तर दुखण्याचं इंजेक्शन देऊन सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा, "महाधमनीचा फुगा आहे" असं स्पष्ट सांगा आणि जुना रिपोर्ट सोबत घ्या.