आरे-वारेच्या वळणांवर मित्रांच्या मागे धावू नका. नवशिक्या दुचाकीस्वारांनी आणि त्यांना सोबत नेणाऱ्यांनी हे वाचाच

रत्नागिरी : नवी गाडी घरात आली की पहिली मोठी फेरी गणपतीपुळ्याला, ही आपल्याकडची जुनी रीत. निवळी, जाकादेवी, चाफे असा आतला रस्ताही आहे. पण चार मित्र जमले की गाड्या वळतात त्या शिरगाव, साखरतर, आरे-वारे, नेवरे या समुद्रकाठच्या रस्त्याकडे. अंतर साधारण 25 किलोमीटर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये खाडीवरचे पूल, आणि आरे व वारे या दोन किनाऱ्यांमधल्या डोंगरावरून चढणारा, वळणारा, उतरणारा रस्ता.

हा रस्ता बघायला जितका देखणा, तितकाच नव्या चालकाची परीक्षा बघणारा. वाडीतल्या सड्यावर किंवा शाळेच्या मैदानात गाडी शिकलेल्या मुलाला गिअर टाकता येतो, तोल सांभाळता येतो. पण उतारावर, वळणात, समोरून एसटी येत असताना काय करायचं, हे मैदानात कळत नाही. त्यात ग्रुप असला की आणखी एक गोष्ट वाढते. ती म्हणजे मागे पडण्याची लाज.

मागचा माणूस जोरात का चालवतो?

ग्रुपमध्ये सर्वात शेवटी बहुतेक वेळा नवखा असतो. 'तू ये मागून सावकाश' असं त्याला सांगितलेलं असतं. ऐकायला बरं वाटतं, पण प्रत्यक्षात उलटं घडतं. कसं ते बघा.

समजा पाच गाड्या आहेत. पुढचा सराईत मुलगा वळण संपवून सरळ रस्त्याला लागला आणि त्याने वेग 50 केला. शेवटचा अजून वळणातच आहे, त्याचा वेग 25. फक्त दहा सेकंदांत पुढची गाडी 139 मीटर जाते आणि मागची 69 मीटर. म्हणजे दोघांमधलं अंतर 70 मीटरने वाढलं. पुढे लगेच दुसरं वळण असेल तर मित्र दिसेनासेच होतात.

आता शेवटचा मुलगा घाबरतो. 'आपण राहिलो' असं वाटून तो रेस पिळतो, आणि पुढच्या वळणात त्याला झेपणार नाही अशा वेगाने शिरतो. ज्याला गाडी सर्वात कमी येते, त्यालाच सर्वात जोरात चालवावी लागते. वळण तेच असतं, रस्ता तोच असतो; घात करते ती गाठण्याची घाई.

वेग थोडा, फरक मोठा

वेग 40 वरून 60 झाला तर 'वीसच तर वाढला' असं वाटतं. पण त्याच वळणात गाडीला बाहेर फेकणारा जोर दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो.

थांबण्याचंही तसंच आहे. समोर गाय दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो असं धरू. 40 च्या वेगाला त्या एका सेकंदात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी 9 मीटर लागतात. एकूण 20 मीटर. 60 च्या वेगाला हाच हिशेब 37 मीटरवर जातो. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. वळणापलीकडचं 20 मीटरच दिसत असेल, तर 60 चा वेग म्हणजे डोळे मिटून चालवणं.

साधा नियम लक्षात ठेवा : जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यातच थांबता येईल असा वेग.

समुद्र कुठल्या बाजूला आहे, ते ध्यानात ठेवा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना समुद्र डावीकडे असतो, आणि आपणही डावीकडूनच चालतो. अशा वेळी उजव्या वळणात वेग जास्त झाला तर गाडी समुद्राच्या बाजूच्या कडेला सरकते. डाव्या वळणात जास्त झाला तर ती समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते. परतताना समुद्र उजवीकडे, डोंगर डावीकडे. तेव्हा डाव्या वळणात चुकलं की आधी समोरची गाडी आणि तिच्यापलीकडे समुद्राची बाजू.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उजव्या वळणात गाडी उजवीकडे झुकते. चाकं आपल्या बाजूला असली तरी डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे गेलेला असू शकतो. समोरून एसटी किंवा चिऱ्यांचा टेंपो आला तर त्याला चाकं नाही, आपलं डोकं लागतं. म्हणून मधल्या रेषेला चिकटून चालवायचं नाही. आपल्या बाजूच्या रस्त्याच्या मधोमध राहायचं.

वळण घ्यायचं कसं?

वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करा. खालचा गिअर टाका. मग वळणात शिरा. वळणाचं पलीकडचं तोंड दिसू लागलं की हळूहळू रेस द्या. वळणाच्या मध्येच घाबरून करकचून ब्रेक मारला तर चाक घसरतं, नाहीतर गाडी सरळ होऊन वळणाबाहेर जाते.

नजर महत्त्वाची. माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. कडेच्या दगडाकडे किंवा खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी नेमकी तिथेच जाऊन आदळते. म्हणून मान वळवून जिथे जायचं आहे तिथे, वळणाच्या शेवटाकडे बघा. चालत्या गाडीत वळायच्या बाजूचं हँडल हलकेच पुढे ढकललं की गाडी त्या बाजूला झुकते. डावीकडे जायचं तर डावं, उजवीकडे जायचं तर उजवं. हे आधी मोकळ्या, सरळ रस्त्यावर कमी वेगात करून बघा.

'पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो' ही समजूत गावागावांत आहे. खरं तर ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. एकदम आवळायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा, आणि मागचा सोबत लावायचा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. एबीएस ब्रेक लावताना चाक अडकू देत नाही, पण वळणात जास्त वेगाने शिरलात तर ते वाचवेलच असं नाही.

उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये उतारावर गिअरमध्ये रेस सोडली की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. म्हणजे न्यूट्रलने फायदा काही नाही, धोका मात्र वाढतो.

रस्त्यावर काय काय असतं

किनाऱ्याजवळ वाऱ्याने उडालेली वाळू रस्त्यावर येते. कडेला तांबडी माती आणि जांभ्याची बारीक खडी असते. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं. पुढे पावसाळाभर सावलीतल्या कडांवर शेवाळ धरतं. रंगवलेले पांढरे पट्टेही ओले झाले की घसरतात. गुरं आहेत, कुत्री आहेत, आणि फोटोसाठी अचानक थांबणारे पर्यटकही आहेत. संध्याकाळी सूर्य समुद्रावर आला की काही वळणांत तो थेट डोळ्यांवर येतो आणि समोरचं दिसत नाही. तेव्हा रेस सोडायची, अंदाजाने चालवायचं नाही.

अरुंद चढावर समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या आणि आपली बाजू सोडू नका.

ग्रुपने काय ठरवायचं?

निघण्याआधी गाड्या बंद असतानाच या गोष्टी बोलून घ्या.

1. सर्वात पुढे रस्ता माहीत असलेला, डोकं शांत असलेला. त्याच्या लगेच मागे सर्वात नवखा. सर्वात शेवटी पुन्हा सराईत. पुढच्याने आरशात नवख्याला बघत त्याच्या वेगाने चालायचं.

2. पाच-सहापेक्षा जास्त गाड्या असतील तर दोन ग्रुप करा.

3. वळणात एकामागे एक. शेजारी-शेजारी चालवत गप्पा नकोत.

4. दोन गाड्यांमध्ये निदान दोन सेकंदांचं अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक गणपती, दोन गणपती' म्हणा. तेवढ्यात तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात चार गणपती मोजा.

5. पुढच्याने ओव्हरटेक केला म्हणून मागच्याने करायचा नाही. त्याला रस्ता मोकळा मिळाला, तुम्हाला मिळेलच असं नाही. प्रत्येकाने स्वतः बघून ठरवायचं. ग्रुपमध्ये एकमेकांना मागे टाकणं बंद.

6. थांबण्याच्या जागा आधीच ठरवा. साखरतरच्या पुलापलीकडे एक, नेवऱ्याला एक. तिथे सगळे येईपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. वाट बघणार आहेत हे माहीत असलं की मागच्याला धावावं लागत नाही.

7. वळणावर, चढाच्या माथ्यावर किंवा पुलावर गाडी थांबवून फोटो नाही. चालत्या गाडीवर रील तर नाहीच.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र नियमाची नाही, बोलण्याची आहे. 'मला एवढा वेग जमत नाही' असं नवख्याने म्हटल्यावर हसायचं नाही. एकदा चेष्टा झाली की तो पुन्हा बोलत नाही, नुसता रेस पिळतो. नवख्यानेही मनाशी धरून ठेवावं : ग्रुप दिसेनासा झाला तरी चालेल, रस्ता माहीत आहे, गणपतीपुळं कुठे पळून जात नाही.

घरच्यांनी चावी देण्याआधी

गिअरच्या गाडीसाठी वय 18 पूर्ण हवं. शिकाऊ परवाना असेल तर गाडीला 'एल' लावायचा आणि मागे मित्राला बसवायचं नाही; मागे बसणारा शिकवणारा आणि पक्का परवाना असलेलाच हवा. विनापरवाना चालवल्यास 5,000 रुपये दंड आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका चुकीत घरची बाग विकायची वेळ येऊ शकते.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, आणि पट्टा लावलेलं. मागे बसणाऱ्यालाही ते लागतंच. निघताना टायरची हवा, ब्रेक, चेन, दिवे आणि इंडिकेटर बघा. चपलेऐवजी बूट घाला. पावसात टायरच्या खाचा झिजलेल्या असतील तर ती गाडी नेऊच नका.

कोणी पडलाच तर

आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा. वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण उभा करा, नाहीतर दुसरा अपघात होतो. मग 108 ला किंवा 112 ला फोन करा आणि जवळची खूण सांगा : पूल, वाडी, देऊळ, किनारा. जखमीला ओढून उठवू नका. तो श्वास घेत असेल तर हेल्मेट हिसकून काढू नका, मानेला इजा असू शकते. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, कायद्याने त्याला संरक्षण आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने कोणी बाजूला उभं राहू नये.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सुट्टीचा दिवस, अंगारकी आणि मे महिन्यातली गर्दी टाळावी. कोरड्या दिवशी, सकाळी, एकाच जाणत्या माणसाबरोबर ही वाट दोन-तीनदा करावी. कुठलं वळण आवळत जातं, कुठे वाळू येते, कुठे गुरं आडवी येतात, हे एकदा अंगवळणी पडलं की मगच ग्रुपबरोबर निघावं. आणि ग्रुपने त्या दिवशी मुक्कामाला किती वाजता पोचलो ते मोजू नये. निघालेल्या गाड्या आणि पोचलेल्या गाड्या सारख्या आहेत ना, एवढंच मोजावं.