हिरवें पाणी निवळल्यानंतर

श्रोतेहो, घरच्या पोहण्याच्या हौदांत शेवाळ माजलें म्हणजे आपण क्लोरीनची मोठी मात्रा देतों, आणि पाणी निवळलें कीं मुलांना लगेच आंत सोडतों. चूक होते ती येथेंच. पाणी निवळ दिसलें, एवढ्यावरून तें निर्दोष झालें असें ठरत नाहीं.

कोणत्याही घाणीशीं संयोग न पावलेला, कामास सिद्ध असलेला जो क्लोरीन, त्यास मुक्त क्लोरीन म्हणतात. दिवसा उन्हानेंही तो नष्ट होतो. म्हणून तो सूर्यास्तानंतर मोजावा व सूर्योदयापूर्वीं पुन्हां मोजावा. रात्रींतून लिटरमागें १ मिलिग्रॅमहून अधिक घट झाली, तर शेवाळाचें निर्मूलन झालेलें नाहीं असें समजून भिंती घासाव्या, गाळणयंत्र धुवावें व मात्रा चालू ठेवावी.

घट थांबल्यावर मात्रा बंद करावी. क्लोरीन लिटरमागें १ ते ३ मिलिग्रॅमवर उतरला व सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान आला, म्हणजे खुशाल पोहावें. उन्हापासून रक्षणार्थ सायन्युरिक आम्ल घातलें असल्यास क्लोरीन २ च्या खालीं जाऊं देऊं नये. तो घटला कीं शेवाळ पुन्हां डोकें वर काढतें.

उग्र वास हें अधिक क्लोरीनचें लक्षण नव्हे. घाम-मूत्रादिकांशीं संयोग पावलेल्या क्लोरीनचा तो वास असतो, व त्यानेंच मुलांचे डोळे चुरचुरतात.

शेवटीं एक सावधगिरी. क्लोरीनची भुकटी व आम्ल कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी वायु निघतो.