घरांतला छोटा संगणक आणि त्याचीं दुखणीं

(नभोवाणीवरील भाषण)

टीव्हीच्या मागें सहज दडून राहील अशा एका लहानशा संगणकाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. विषय खरा एखाद्या इंजिनियराचा; मी दाभोळचा एक निवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु या यंत्रापायीं माझ्या घरांतली एक अशी वस्तु गेली, कीं जी बाजारांत विकत मिळत नाहीं. ती कशी गेली, आणि ती जाऊं नये म्हणून काय करावयास हवें होतें, एवढें सांगण्यापुरता माझा अधिकार आहे असें मी समजतों.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. याचें नांव रास्पबेरी पाय. मुलांना संगणकाची विद्या थोड्या खर्चांत शिकतां यावी, या हेतूनें इंग्लंडांत हा संगणक तयार झाला व २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं विक्रीस आला. सुमारें साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साडेपांच सेंटिमीटर रुंद अशा एका हिरव्या पाटीवर संगणकाचे सर्व अवयव बसविलेले असतात. डिस्क वेगळी नसते. नखाएवढें एक मेमरी कार्ड तिचें काम करतें. या पाटीवर कोडी नांवाची आज्ञावली चालविली, कीं साधा टीव्ही म्हणजे घरचें चित्रगृह आणि ग्रंथालय होतें. कोडी मुळांत एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठीं लिहिली गेली. तिला आजचें नांव २०१४ सालीं मिळालें. पाटीस वीज मिळतांच थेट कोडीच उघडावी, अशा बेतानें लिब्रेएलेक ही आज्ञावली २०१६ पासून उपलब्ध आहे.

आमच्या घरीं चौथ्या पिढीचा पाय मुलानें बसवून दिला. त्यास एक बाहेरची डिस्क जोडली. तिच्यावर चित्रपट, नाटकें, भजनें. दाभोळास पावसाळ्यांत वाशिष्ठीच्या मुखाकडून वारा सुटला, कीं संध्याकाळीं बाहेर पडण्याची सोय राहत नाहीं. अशा वेळीं ही पेटी आम्हां उभयतांची सोबत झाली. तिच्या कार्डावर मीं स्वतः एक ठेवा उतरविला होता. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या १९८६ सालीं मीं कॅसेटवर घेतल्या होत्या. चाळीस मिनिटांचें तें गाणें मोठ्या खटपटीनें कार्डावर आणलें होतें. सकाळीं एखादी ओवी लावावी आणि मग चहा घ्यावा, असा माझा क्रम असे.

२०२३ च्या जुलैंत पेटी बिघडली. चित्रपट मध्येंच अडे. कधीं पेटी आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होई. मीं आधीं राउटरला दोष दिला, मग डिस्कला, मग टीव्हीला. एकाच दुपारीं सर्व जोडण्या उलटसुलट केल्या, कोडीची मांडणी बदलली. आणि शेवटीं फोनवरून कोणीं सल्ला दिला म्हणून, आहे तेंच कार्ड पुसून त्यावर सर्व कांहीं नव्यानें भरलें. असें करतांना कार्ड कोरें होतें, हें मला ठाऊक होतें. त्या क्षणीं स्मरलें मात्र नाहीं. ओव्या गेल्या. आणि दुसऱ्या दिवशीं पेटी पुन्हां बंद पडली, कारण दोष कार्डाचा नव्हताच. मुलगा पेटीचा मूळ चार्जर चुकून आपल्याबरोबर पुण्यास घेऊन गेला होता, आणि मीं त्या जागीं मोबाइलचा एक जुना चार्जर लांब, बारीक केबलीसह लावला होता. सगळा दोष त्याचा.

शाळेंत वाक्यपृथक्करण शिकवितांना मी मुलांना सांगत असें, कीं आधीं क्रियापद शोधा, विशेषणें मागाहून. या पेटींत क्रियापदाची जागा विजेची आहे. म्हणून दुखणें कोणतेंही असो, तपास विजेपासून सुरू करावा.

चौथ्या पिढीच्या पायाला ५.१ व्होल्ट दाबाचा आणि ३ अँपियर प्रवाह देऊं शकणारा चार्जर लागतो. तिसऱ्या पिढीस अडीच अँपियर पुरतात. २०२३ सालीं निघालेल्या पांचव्या पिढीसाठीं ५ अँपियरचा सांगितलेला आहे. मोबाइलच्या चार्जरवरही ५ व्होल्ट लिहिलेलें असतें, मग तो कां चालूं नये? गणित करून पाहूं. बारीक केबलीचा रोध पाव ओहम धरा आणि तींतून २ अँपियर प्रवाह वाहतो असें समजा. दोन गुणिले पाव म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेंतच खर्च झाला. पायाशीं पोंचले साडेचार. आणि ४.६३ व्होल्टांच्या खालीं दाब उतरला, कीं पाय तो अपुरा मानतो. मोबाइलला हें जाणवत नाहीं, कारण त्याच्या पोटांत स्वतःची बॅटरी असते. तो थोडा सावकाश भरतो इतकेंच. पायाच्या पोटांत कांहींच नाहीं. ज्या क्षणीं वीज कमी पडेल, त्याच क्षणीं तो अडखळतो.

याची खूण पाटीवरच असते. चौथ्या पिढीच्या पाटीवर एक लाल दिवा आहे; तो स्थिर जळला पाहिजे. चित्रपट चालूं असतांना तो लुकलुकूं लागला, तर वीज अपुरी आहे असें समजावें. कांहीं मांडणींत पडद्याच्या कोपऱ्यांत विजेची पिवळी आकृतिही उमटते. शिवाय चारही यूएसबी खांचांतून मिळून बाहेरच्या यंत्रांना १.२ अँपियरच मिळूं शकतात. डिस्क लावल्यावरच बिघाड होत असेल, तर स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब मध्यें घालावा, किंवा स्वतःच्या चार्जरवर चालणारी डिस्क घ्यावी.

वीज म्हटलें, कीं बाहेरच्या लोकांना दाभोळ तेवढें आठवतें. ज्या प्रकल्पास आमच्या गांवाचें नांव मिळालें, तो वस्तुतः खाडीपलीकडे अंजनवेलच्या बाजूस, गुहागर तालुक्यांत आहे. एन्रॉनच्या काळांत, १९९९ सालीं, तेथें वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००१ सालीं बंद पडली; पुढें २००५ मध्यें तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला. नांव गांवाचें असलें म्हणून गांवांतले दिवे जात नाहींत असें नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत दापोली व मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गांवें बरेच दिवस अंधारांत राहिलीं. अशा मुलखांत पेटी आणि राउटर हीं दोन्ही एका लहान यूपीएसवर ठेवणें हा चैनीचा खर्च नव्हे. कार्डावर लेखन चालूं असतांना वीज गेली, तर तें अर्धवट राहून कार्ड नासण्याचा संभव असतो. त्याच कारणास्तव पेटी बंद करावयाची ती कोडीच्या यादींतून. भिंतीवरचें बटण मागाहून.

वीज ठीक असूनही पेटी सुरूच होत नसेल, तर हिरव्या दिव्याकडे पाहावें. कार्ड वाचलें जात असतांना तो अनियमित लुकलुकतो. ठराविक अंतरानें चारदां किंवा सातदां लुकलुकत असेल, तर सुरुवातीच्या आवश्यक फाइली त्यास सांपडत नाहींत असा अर्थ होतो. येथेंच माझी चूक ध्यानांत ठेवावी. कार्डाचा संशय आला तर दुसरें कार्ड विकत आणून त्यावर नवी आज्ञावली भरावी आणि तें लावून पाहावें. जुनें कार्ड पुसूं नये. पाकिटांत घालून, वर तारीख लिहून ठेवावें. नव्या कार्डावरही दोष तसाच राहिला, तर जुनें निर्दोष ठरलें आणि त्यावरचें कांहीं गेलेंही नाहीं.

पडदा काळा, परंतु दिवे ठीक, असें असेल तर एचडीएमआय केबल पाहावी. चौथ्या पिढीस अशा दोन खांचा आहेत. चार्जरच्या शेजारची ती पहिली, तीच वापरावी. टीव्ही आधीं सुरू करावा, पेटी नंतर. कारण पेटी जागी होतांना समोर पडदा आहे कीं नाहीं, याची चौकशी करते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेंत केबलींच्या तोंडांवर गंज चढतो. वीज बंद करून केबल एकदां काढून पुन्हां घट्ट बसविली, तर पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. चित्र आहे पण आवाज नाहीं, तर कोडीच्या ध्वनिविषयक मांडणींत आवाजाची वाट एचडीएमआय हीच आहे ना, तें पाहावें. टीव्हीच्याच रिमोटनें पेटी चालावी अशी सोयही या केबलींतून होते. ती टीव्हीच्या मांडणींत चालूं करावी लागते. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, तर सोनी ब्राव्हिया सिंक.

अर्ध्या तासानंतर चित्रपट मंदावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. पाटीचें तपमान ८० अंश सेल्सियसवर गेलें, कीं पाय आपला वेग स्वतःच कमी करतो. पेटी बंद कपाटांत ठेवूं नये; लहान पंखा किंवा धातूची डबी यांनीं हें दुखणें जातें.

इंटरनेटवरचें तेवढें अडखळतें आणि डिस्कवरचें सुरळीत चालतें, असें असेल तर दोष जाळ्याचा. कोंकणांतल्या जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय क्षीण होऊन येतें. निळ्या यूएसबी खांचेंत लावलेली डिस्कही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला उपद्रव देते. शक्य तर राउटरपासून पेटीपर्यंत तारच ओढावी. आणखी एक गोष्ट: चौथ्या पिढीपर्यंतच्या पायांत वीज गेल्यावर चालत राहणारें घड्याळ नाहीं, तो वेळ इंटरनेटवरून विचारून घेतो. वीज आली आणि इंटरनेट आलें नाहीं, तर त्याची तारीख मागें राहते, आणि तारीख चुकली कीं सुरक्षित संकेतस्थळें त्याला दाराबाहेर उभें करतात. म्हणून कोपऱ्यांतलें घड्याळ पाहण्याची संवय ठेवावी.

शेवटीं फाइल. एखादाच चित्रपट अडत असेल, तर पेटी निरोगी आहे. चौथ्या पिढीचा पाय एच.२६५ पद्धतीचें चित्रण ४के आकारापर्यंत सहज दाखवितो. परंतु जुन्या एच.२६४ पद्धतीचें १०८० पर्यंतच. तिसऱ्या पिढीस एच.२६५ साठीं वेगळी यंत्रणाच नाहीं. चित्रपटाची माहिती चुकीची दिसत असेल, तर फाइलीच्या नांवांत सालही लिहावें. आमच्या दापोली तालुक्यांतल्या पालगडास जन्मलेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चेंच उदाहरण घ्या. त्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनीं १९५३ सालीं चित्रपट काढला, आणि त्याच नांवाचा दुसरा २०२३ सालीं आला. नुसतें नांव दिलें, तर एकाच्या जागीं दुसऱ्याचें चित्र कोडीनें लावलें, तरी तिला दोष देतां येत नाहीं.

असा हा क्रम: वीज, कार्ड, केबल, उष्णता, जाळें, फाइल. एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत लिहावा, आणि परिणाम पाहून मगच दुसऱ्यास हात लावावा. मीं एका दुपारीं चार बदल केले. त्यामुळें कशानें काय झालें हें मलाच कळेना. आणि कोणत्याही उपायापूर्वीं प्रत काढावी. लिब्रेएलेकच्या मांडणींतच सर्व व्यवस्थेची प्रत काढण्याची सोय आहे. मात्र ती प्रत त्याच कार्डावर राहूं देऊं नये, बाहेर काढून ठेवावी.

आतां ओव्यांविषयीं. मूळ कॅसेट चिपळूणास माझ्या बहिणीकडे होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत हीच वाशिष्ठी तिच्या घरांत शिरली होती, आणि कॅसेटचें कपाट पाण्याखालीं गेलें होतें. कॅसेट वाळवून तिनें ठेवली होती खरी, पण फितीवर बुरशी चढली होती. मुलानें पुण्यांत एका जाणकाराकडून ती साफ करून घेतली. चाळीस मिनिटांपैकीं सव्वीस मिनिटें परत मिळालीं; उरलेल्या जागीं खरखर आहे. त्या सव्वीस मिनिटांच्या आतां तीन प्रती आहेत: एक दाभोळास, एक चिपळूणास, एक पुण्यास.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांनीं गांवीं राहणाऱ्या आईवडिलांकडे अशी पेटी बसवून दिली असेल. पुढच्या खेपेस गांवीं जाल, तेव्हां तिच्यावर काय काय ठेवलें आहे तें त्यांना विचारा, आणि त्याची एक प्रत आपल्याबरोबर न्या. चार्जर मात्र तेथेंच राहूं द्या. आमच्या चार्जरवर मीं आतां चिकटपट्टी लावली आहे, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलें आहे: 'हा पेटीचा. हलवूं नये.'