टिकल्यांचे पिस्तूल

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या नातवापुढे मी हौसेने टिकल्यांचे पिस्तूल धरले. पोर मागे सरले. "आजोबा, शाळेत गोळीबार झाला तर कसं लपायचं, ते आम्हांला शिकवतात."

मी चरकलो. १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत १६ मुले व एक शिक्षिका मारली गेली. १९९७ मध्ये ब्रिटनने खाजगी पिस्तुलांवर बंदी घातली. १९९६ मध्येच पोर्ट आर्थरला ३५ बळी पडले. ऑस्ट्रेलियाने सुमारे ६.५ लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. अमेरिकेत २०१२ साली सँडी हुक शाळेत २० मुले गेली; पण गिऱ्हाइकाची चौकशी वाढवण्याची सूचनाही सिनेटमध्ये पडली. या दोन देशांत बंदूक ही परवान्याची बाब. अमेरिकेत १७९१ पासून घटनेने दिलेला हक्क. आईबापांचे दुःख मात्र तिन्हीकडे तेच!

"आजोबा, मला फुलबाजी द्या ना," नातू म्हणाला.