तांड्यावरील मूल आणि शाळेची मराठी : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात द्वितीय भाषा संपादन

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेला वाशीम जिल्हा मराठीभाषक गणला जातो. तथापि येथील बहुभाषिकता जुनी आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील मुख्यतः प्राकृतात आहे. आजही तांड्यावर गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, मोहल्ल्यात उर्दू आणि वर्गात प्रमाण मराठी अशी विभागणी आढळते. प्रस्तुत लेखात तांड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाच्या मराठी संपादनाचा विचार केला आहे.

गोरमाटी ही राजस्थानी गटाशी जवळीक असलेली भारतीय-आर्य भाषा होय. आईला 'याडी', भाकरीला 'बाटी' म्हणणारे आणि 'आहे' या अर्थी 'छ' वापरणारे मूल पहिलीत येते, तेव्हा मराठी ही त्याची द्वितीय भाषा असते. पाठ्यपुस्तक मात्र ती मातृभाषा असल्याचे गृहीत धरते. गोरमाटीत पुल्लिंग व स्त्रीलिंग ही दोनच लिंगे आहेत. मराठीचे नपुंसकलिंग या मुलास सर्वस्वी नवे असते. त्यामुळे ते 'माझा घर' म्हणते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या 'आंतरभाषा' संकल्पनेनुसार अशी रूपे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. शिकणाऱ्याने स्वतः रचलेली ती एक नियमबद्ध, बदलती व्यवस्था असते.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. गावात या मुलाच्या कानी पडणारी मराठी वऱ्हाडी असते. ते 'मले', 'तुले' शिकते आणि वर्गात तेही अशुद्ध ठरते. वास्तविक 'माझा घर' हा संपादनाचा टप्पा आहे, तर 'मले' ही मराठीचीच बोलीरूपे. दोहोंवर एकच लाल रेघ ओढली गेल्यास मूल बोलणेच थांबवते. हे मौन पुष्कळदा मंदबुद्धीचे लक्षण मानले जाते, ही खेदाची बाब आहे.

जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये संभाषणाची भाषा व अध्ययनाची भाषा असा भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते; दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे कॅनडातील स्थलांतरितांच्या मुलांवरून त्यांनी दाखविले. तिसरीतील मूल अस्खलित बोलते, पण गणिताचे शाब्दिक उदाहरण त्यास उलगडत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. उर्दूसाठी स्वतंत्र माध्यमाच्या शाळा व पाठ्यपुस्तके आहेत. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत गोरमाटीचा समावेश नाही. तथापि महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, ही मोठी सोय होय. 'याडी' हा शब्द वाचताना ओळखलेले अक्षर मराठी वाचनातही उपयोगी पडते. ते पुन्हा शिकावे लागत नाही. शिक्षकास गोरमाटी येत नसल्यास वरच्या वर्गातील तांड्यावरचा विद्यार्थी पहिलीच्या मुलांना गोष्ट आधी गोरमाटीत सांगू शकतो. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.