सिंहस्थ घडविणारा ग्रह : गुरू

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे साधारणपणे बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ कुंभमेळा गुरूच्या सिंह राशीतील प्रवेशाशी निगडित आहे. गोदावरी पुढे ज्या निफाड तालुक्यातून वाहते, तेथील लासलगावसारख्या गावांतही सिंहस्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र तो ठरविणाऱ्या ग्रहाचे स्वरूप तितकेसे परिचित नाही.

सूर्याच्या वार्षिक भासमान मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात आणि त्याचे तीस-तीस अंशांचे बारा समान भाग म्हणजे राशी. सूर्यापासून सरासरी 77.8 कोटी किलोमीटर अंतरावरील गुरूला एका प्रदक्षिणेस 11.86 वर्षे लागत असल्याने तो प्रत्येक राशीत सुमारे वर्षभर राहतो. सिंह राशीनंतर तो कन्या राशीत जातो, तेव्हा कृष्णाकाठी कन्यागताचे पर्व येते. त्याची प्रदक्षिणा पूर्ण बारा वर्षांची नसल्यामुळे सुमारे 83 वर्षांत त्याच्या सात फेऱ्या होतात. शिवाय आतल्या कक्षेतील वेगवान पृथ्वी गुरूला मागे टाकते, तेव्हा तो काही महिने उलट दिशेने सरकताना दिसतो. यालाच वक्री होणे म्हणतात.

गुरूचा विषुववृत्तीय व्यास सुमारे 1,43,000 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या अकरा पट असून त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या 318 पट, इतर सर्व ग्रहांच्या एकत्रित वस्तुमानाच्या दुपटीहून अधिक आहे. तो मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम यांचा बनलेला असल्याने त्याला घट्ट पृष्ठभाग नाही. खोलवर मात्र प्रचंड दाबामुळे हायड्रोजन द्रवरूप धातूसारखा वागतो आणि त्यातील विद्युतप्रवाहांमुळे ग्रहाभोवती अतिशय प्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. एवढा अवाढव्य ग्रह स्वतःभोवतीची फेरी दहा तासांच्या आत पूर्ण करतो, म्हणून तो ध्रुवांकडे चपटा झाला आहे आणि त्याचे ढग विषुववृत्ताला समांतर पट्ट्यांत विभागले गेले आहेत. त्यांतील ‘तांबडा डाग’ हे पृथ्वीहूनही मोठे, दीर्घायुषी वादळ आहे.

गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे उपग्रह पाहिले आणि सर्वच गोल पृथ्वीभोवती फिरत नाहीत, याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. हे चारही उपग्रह आज साध्या द्विनेत्रीतूनही दिसू शकतात. 2015 नंतरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये येत असून फेब्रुवारी 2027 मध्ये गुरू सूर्याच्या विरुद्ध बाजूस असल्याने रात्रभर तेजस्वी दिसेल; सिंहस्थाला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या सुमारास हा ग्रहही आवर्जून पाहावा.